चौकी हाकेच्या अंतरावर होती

(उपनगरातल्या वस्त्यांमधील तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे.)



मला विषय दिलाय वस्तीच्या सुरक्षिततेचा. आता सुरक्षितता हा शब्द मोठा गुळगुळीत आहे. अंधेरीच्या सोसायटीतला माणूस तो उच्चारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं गेट असतं, वॉचमन असतो, कॅमेरा असतो. गेटच्या बाहेर कोण असतं? आपण असतो. त्याची सुरक्षितता म्हणजे आपल्यापासूनची सुरक्षितता. आपल्या आया-बहिणी त्याच घरात सकाळी भांडी घासायला जातात, तेव्हा त्यांची पिशवी तपासली जाते. कॅमेरा कुणाकडं तोंड करून बसवलाय ते बघा, म्हणजे सुरक्षा कुणाची ते कळेल.

आणि आपण तोच शब्द उच्चारतो तेव्हा? आपल्या पोटात गोळा येतो. रात्री दीड वाजता गल्लीत बूट वाजले की मुलग्यांची आई आधी दाराची कडी बघते आणि मग पोरं मोजते. तीन असतील तर तीन आहेत का घरात. चोर आला असेल असं तिला वाटत नाही. चोर आमच्याकडं येऊन नेणार काय?

पण त्याच गल्लीत एखाद्या बाईला नवरा मारतो, डोकं फुटतं, ती धावत चौकीवर जाते, तर तिला विचारतात, "घरचं भांडण इथं कशाला आणलंस?" म्हणजे न बोलावता येतात आणि बोलावल्यावर येत नाहीत. आपल्या वस्तीचा आणि पोलिसांचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. पण नुसत्या वाक्यावर समाधान मानायचं नाही. हे असं का होतं, आणि त्याच्यावर आपण करायचं काय, ते बघायचं. त्यासाठी मी लांबचा दाखला घेणार नाही. घाटकोपरचा घेतो.

११ जुलै १९९७. माता रमाबाई आंबेडकर नगर, घाटकोपर पूर्व, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेली वस्ती. इथं बसलेल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता, म्हणून क्रमानं सांगतो.

पहाटे लोकांना दिसलं की बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलाय. आता विचार करा, अशा वेळी माणूस काय करतो? आपल्याबद्दल पेपरात लिहिणारे म्हणतात की हे लोक लगेच रस्त्यावर येतात, दगड उचलतात. खोटं आहे. रमाबाई नगरचे लोक पहिल्यांदा गेले ते पोलिसांकडं. वस्तीला लागूनच बीट चौकी होती. हाकेच्या अंतरावर. तिथं जाऊन म्हणाले, साहेब, असं असं झालंय, तक्रार घ्या. चौकीनं त्यांना पंतनगर पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवला. तिकडं जा म्हणून.

हा क्षण लक्षात ठेवा. पुढं जे झालं ते सगळ्यांना आठवतं, हे कुणाला आठवत नाही. अपमान झालेला माणूस कायद्याच्या दारात गेला आणि कायद्यानं त्याला दुसरं दार दाखवलं.

मग गर्दी वाढली. सकाळी सातच्या सुमाराला लोक महामार्गावर उतरले, रस्ता अडवला. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. तिचा प्रमुख होता उपनिरीक्षक मनोहर कदम. आणि गोळीबार सुरू झाला. ५० च्या आसपास फैरी झाडल्या. १० माणसं मेली, २६ जखमी झाली. पुतळ्यापाशी नाही हो, वस्तीच्या तोंडाशी, सर्व्हिस रोडवर. रस्त्यानं चाललेली माणसं होती त्यांत. काय चाललंय ते बघायला दारात आलेली माणसं होती. गोळ्या लागल्या त्या बहुतेकांना कमरेच्या वर.

आता पोलिसांच्याच नियमांत काय लिहिलंय? जमाव पांगवायचा तर आधी इशारा द्यायचा. मग लाठी, अश्रुधूर. अगदीच इलाज नसेल तर गोळी, तीही कमीत कमी, आणि नेम खाली धरून. रमाबाई नगरात क्रम कसा होता? सकाळी गोळी. साडेअकराच्या सुमाराला संतापलेल्या लोकांनी एक बस पेटवली. मग दुपारी पोलीस वस्तीत शिरले आणि अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. म्हणजे जिथून सुरू करायचं तिथं संपवलं, आणि ज्याला कधीच हात लावायचा नव्हता तिथून सुरू केलं. उलटा क्रम! आमची प्रेतं अजून उचलायची होती आणि वर लाठी.

त्या वेळी राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार होतं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहखातंही त्यांच्याकडंच. सरकारी बाजूनं लगेच एक गोष्ट पुढं आली. म्हणे महामार्गावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, टँकर पेटले असते तर सगळा परिसर उडाला असता, म्हणून गोळीबार करावा लागला. म्हणजे १० माणसं मारली ती आम्हाला वाचवायला! असं उपकाराचं बोलणं तुम्ही ऐकलंय का कुठं?

पण वस्तीतल्या लोकांनी ते पचू दिलं नाही. टँकर कुठं होते आणि माणसं कुठं पडली, हे अंतर त्यांच्या पायाखालचं होतं. ज्यांच्या दारात रक्त सांडलं त्यांना नकाशा शिकवायची गरज नव्हती. न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग बसला. बायका, पोरं, भाजीवाले, रिक्षावाले साक्षीला उभे राहिले. १९९८ साली अहवाल आला. आयोगानं म्हटलं, गोळीबार असमर्थनीय होता. टँकरची गोष्ट टिकली नाही. कदमवर ठपका आला.

मग न्याय झाला का? ऐका. खटला उभा राहून निकाल लागायला २००९ साल उजाडलं. ७ मे २००९ ला शिवडीच्या जलदगती न्यायालयानं मनोहर कदमला सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप दिली. कोर्टाचं नाव जलदगती. गोळ्या झाडायला काही मिनिटं लागली आणि निकालाला जवळजवळ १२ वर्षं. त्यावर अपील झालं आणि हायकोर्टानं त्याला जामीन दिला.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शाहीर विलास घोगरे. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा, आव्हान नाट्य मंचातून गाणारा माणूस. रमाबाई नगरात तो गेला, त्यानं ते बघितलं, आणि १५ जुलै १९९७ ला आपल्या खोलीत गळफास घेतला. आनंद पटवर्धननं त्याच्या मरणापासून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट सुरू केला आणि पुरा करायला १४ वर्षं घेतली. तो बघा. पण विलासबद्दल मला एक बोलायचंय. त्या गोळीबाराचे बळी १० नाहीत, ११ आहेत. आणि अकरावा आपल्याला गाणं देणारा होता. पोरांनो, मरण हे उत्तर म्हणून कुणी गळ्यात घालून घेऊ नका. जो गाणारा आहे त्यानं जगलं पाहिजे. ज्याला रात्री एकट्यानं हे सहन होत नाही त्यानं शेजारच्याचं दार वाजवायचं, आणि शेजारच्यानं उघडायचं. हीसुद्धा वस्तीची सुरक्षाच आहे.

आता मुद्द्यावर येतो. रमाबाई नगरात चुकलं कुठं? आपल्यातले बरेच जण म्हणतील, एक अधिकारी माथेफिरू निघाला. सरकारलाही तेच सोयीचं असतं. एका कदमला पिंजऱ्यात उभं केलं की बाकीची वर्दी धुतल्या तांदळासारखी. पण मी म्हणतो, गोळी सकाळी साडेसातच्या पुढं सुटली असेल, तिचा चाप मात्र त्याआधीच दाबला गेला होता. चौकीत. तक्रार घेतली नाही तेव्हा.

समजा, चौकीतल्या माणसानं वही उघडली असती. "बसा" म्हणाला असता. चार जणांना घेऊन पुतळ्यापाशी गेला असता, पंचनामा केला असता, वस्तीतल्या वडीलधाऱ्यांसमोर मानानं तो हार उतरवला असता, वरिष्ठाला बोलावून "गुन्हा दाखल झाला, ही प्रत" असं सांगितलं असतं. महामार्ग अडला असता का? मला नाही वाटत. अडला असता तरी बोलायला ओळखीचा माणूस असता. राखीव दल म्हणजे बाहेरचं. त्याला ना गल्ली माहीत, ना माणूस माहीत. त्याला दिसला तो फक्त जमाव. जिथं रोजचा पोलीस आपलं काम करत नाही तिथं बंदूकवाला येतो. १० माणसांच्या मरणाची सुरुवात एका न लिहिलेल्या तक्रारीत आहे. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण अशी न लिहिलेली तक्रार आजही तुमच्या-माझ्या वस्तीत रोज एक होते.

आता त्याच घाटकोपरची दुसरी बाजू बघा. घाटकोपर पूर्वेलाच जोशी लेन आहे. १९९६-९७ च्या सुमाराला तिथल्या रहिवाशांनी एकत्र येऊन गल्ली साफ ठेवायचा प्रयोग केला, आणि त्यातून महापालिकेची एएलएम नावाची योजना उभी राहिली. नागरिक आणि वॉर्ड ऑफिस एकत्र बसतात, गल्लीतला कचरा, दिवे, फेरीवाले यांचा निकाल लावतात. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. पण एकाच काळात, एकाच घाटकोपरात, एका गल्लीतल्या लोकांना सरकार खुर्ची देत होतं आणि दुसऱ्या वस्तीतल्या लोकांना गोळी. एकाला म्हणतात नागरिक, दुसऱ्याला म्हणतात जमाव. शिवाय त्या खुर्च्यांवर बसून 'सुरक्षे'चा विषय निघाला की पहिली मागणी कोणती असते? फेरीवाले हटवा. आता ते फेरीवाले राहतात कुठं? आपल्यातच.

मोहल्ला कमिटीचंही तसंच समजून घेऊ. भिवंडीत १९८४ साली भयानक दंगल झाली होती. पुढं तिथं सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी आले, त्यांनी १९८८ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या केल्या. साधा शिपाई आणि साधा रहिवासी एकत्र बसायचे. डिसेंबर १९९२ ला आणि जानेवारी १९९३ ला मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या झाल्या, पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो अशी माणसं त्यात होती. यातून एक शिकायचं, की पोलीस आणि वस्ती समोरासमोर बसली तर रक्त वाचतं. हे आपल्या अनुभवाच्या विरुद्ध वाटलं तरी खरं आहे.

पण आपल्या वस्तीत शांतता कमिटीची मीटिंग कधी होते? १४ एप्रिल आली, ६ डिसेंबर आला की. बोलावतात कुणाला? ज्याची गाडी आहे त्याला. पक्षाच्या दलालाला, बिल्डरच्या माणसाला, आणि एखाद्या जुन्या खबऱ्याला. चहा-बिस्किट होतं, फोटो निघतो, "सहकार्य करा" म्हणतात. म्हणजे आपल्याच उत्सवात आपल्यापासून शांततेला धोका! ३६५ दिवस गटाराचं, दिव्याचं, दारूच्या अड्ड्याचं, पोरींच्या छेडछाडीचं बोलायला कुणी बोलावत नाही. भिवंडीत शिपायाला माणसांची नावं माहीत होती. आपल्याकडं शिपायाला फक्त पोरांची नावं माहीत असतात, आणि ती वेगळ्या रजिस्टरात.

ते रजिस्टर म्हणजे काय ते ज्याच्यावर गेलंय त्यालाच ठाऊक. मी एका उपनगरातल्या एका ठाण्यात स्वतः बसलोय. गुन्हा? रात्री नाक्यावर चौघं उभे होतो. नाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं, सांगितलं. मग "कुठं राहतोस", आणि वस्तीचं नाव ऐकल्यावर साहेबाचा आवाजच बदलला. नाव, आडनाव, पत्ता. तीन प्रश्नांत माझी जात, माझं उत्पन्न आणि माझा गुन्हा सिद्ध झाला. सकाळी सोडलं. कागदावर काहीच नाही, म्हणजे ती रात्र झालीच नाही! अशा न झालेल्या रात्री आपल्यातल्या किती जणांच्या असतील? हात वर करा. राहू द्या, दिसतंय मला.

पुढं हेच चॅप्टर केस होतं, मग तडीपारी. १८७१ साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली गेला. कागदावरून गेला. साहेबाच्या टाळक्यातून जायला अजून वेळ आहे.

आणि हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. भीमा कोरेगावनंतर ३ जानेवारी २०१८ चा बंद झाला, त्यानंतर आपल्या वस्त्यांत रात्री घरांत शिरून पोरं उचलल्याच्या तक्रारी झाल्या. 'कोम्बिंग' हा शब्द आपल्या म्हाताऱ्यांनासुद्धा तेव्हा पाठ झाला. परभणीत १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. लोक रस्त्यावर आले. धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी हा कायदा शिकणारा तरुण १५ डिसेंबरला कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. पोलिसांवर गुन्हा दाखल करा हे सांगायला हायकोर्टाला जुलै २०२५ उजाडला, आणि सरकार त्याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. तिथंही सरकारला थारा मिळाला नाही. १९९७ आणि २०२४ शेजारी ठेवून बघा. आधी विटंबना, मग संताप, मग वर्दी, मग प्रेत. पहिल्या पायरीवर कुणी थांबवत नाही म्हणून चौथी पायरी येते.

आता मी जरा कडू बोलणार आहे. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

आपल्यातलं एक पोरगं परवा म्हणालं, "पोलीस वस्तीत पाहिजेतच कशाला?" मी म्हटलं, हा प्रश्न तुझ्या बहिणीला विचार. आपल्या वस्तीत एमडीची पुडी विकणारा कुठल्या ग्रहावरून येत नाही. चाळीच्या मागच्या अंधारात पोरींची वाट अडवणारा मनुवाद्यांनी पाठवलेला नसतो, आपल्याच मंडळाच्या कट्ट्यावर तो बसतो आणि जयंतीला आपल्यापुढं नाचतो. बायकोला मारणाऱ्याच्या घरातही बाबासाहेबांचा फोटो असतो. आपण व्यवस्थेला शिव्या घालतो त्या बरोबरच आहेत. पण आपल्या बायकांना रात्री सार्वजनिक संडासाला जाताना सोबत लागते, त्याचं उत्तर फक्त व्यवस्थेकडं मागून चालणार नाही. वस्तीतला दादा आणि चौकीतला साहेब यांचं हप्त्याचं नातं असतं. दादाला आपण डोक्यावर घेतलं तर साहेब आपोआप खांद्यावर बसतो.

म्हणून मी "पोलीस नको" म्हणत नाही. मी म्हणतो, पोलीस आमच्याही कामाचा पाहिजे. तो सरकारचा नोकर आहे. त्याचा पगार आमच्या काडेपेटीवरच्या करातूनसुद्धा जातो.

बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावगुंडांनी परिषदेला आलेल्या आपल्या माणसांना झोडपलं. आपली माणसं संख्येनं कमी नव्हती, त्यांत पलटणीत राहून आलेले होते. मनात आणलं असतं तर महाड एका रात्रीत सपाट झालं असतं. बाबासाहेबांनी हात आवरायला लावले. आणि मग घरी जाऊन गप्प बसले का? नाही. फिर्यादी झाल्या, साक्षी झाल्या, आणि हल्लेखोरांपैकी काहींना तुरुंगात जावं लागलं. हात आवरणं आणि वही उघडणं, दोन्ही एकत्र. नुसते हात आवरले तर ती लाचारी झाली असती. बाबासाहेब पुढं अस्पृश्यांना पोलिसात भरती करा म्हणूनही भांडले, कारण वर्दीच्या आत कोण आहे यावर वर्दी कुणाला मारते ते ठरतं हे त्यांना दिसत होतं.

तर आपण करायचं काय? मी इथं काही हत्यारं सांगतो. लिहून घ्या.

पहिलं. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली की एफआयआर लिहिलाच पाहिजे. २०१३ साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हे सांगितलंय. आमची हद्द नाही म्हणून हाकलता येत नाही. झिरो एफआयआर घ्यावा लागतो. १ जुलै २०२४ पासून जी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्या १७३ कलमात तसं लिहिलेलंच आहे. प्रत फुकट मिळते. नाही घेतली तक्रार, तर लेखी उपायुक्ताकडं पाठवा, पोच घ्या. तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट.

दुसरं. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचा तपास शिपाई-हवालदाराचं काम नाही. उपअधीक्षक, म्हणजे आपल्या मुंबईत सहायक आयुक्त, त्याच्या खालच्यानं तो करायचा नाही. आणि ४ थं कलम वाचा. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला त्यात शिक्षा आहे. हे कलम पोलिसांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आपल्याला माहीत आहे हे त्यांना कळलं की खुर्ची पुढं येते.

तिसरं. कुणाला उचललं तर डी. के. बसू खटल्याचा १९९६ चा निकाल लक्षात ठेवा. अटकेचा कागद करावा लागतो, त्यावर साक्षीदाराची सही, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी. २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं, हे तर घटनेच्या २२ व्या कलमातच आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करायची नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी. घराची झडती आता व्हिडिओवर घ्यावी लागते. दार वाजलं की हे विचारायचं. आवाज चढवायचा नाही. विचारायचं आणि लिहायचं.

चौथं. डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे पाहिजेत आणि त्यातलं चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवलं पाहिजे. कोठडीत मारलं असं वाटलं तर त्याच दिवशी लेखी अर्ज करा, अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण राखून ठेवा म्हणून. कॅमेरा आमच्याकडं तोंड करून बसवलाय ना? मग एकदा तो आमच्यासाठी साक्ष देऊ दे.

पाचवं. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांकडंच का न्यायची? प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली कोर्टानं पोलीस तक्रार प्राधिकरण करा म्हणून सांगितलं, आणि आपल्या राज्यानं २०१४ साली कायदा दुरुस्त करून त्याची सोय केली. तिथं अर्ज करा. फळ मिळेल न मिळेल, अर्जाची नोंद होते. रमाबाई नगरचा खटला नोंदींवर आणि साक्षींवरच उभा राहिला.

आणि हे सगळं कोण करणार? नेता येणार नाही. नेता दुसऱ्या दिवशी येतो, हार घेऊन. प्रत्येक वस्तीत पाच जणांचा गट पाहिजे, त्यात निदान तीन बायका. का? रात्री दोन वाजता गल्लीत काय झालं ते बायकांना माहीत असतं, आणि पुरुषासारखं त्यांना साहेबाबरोबर बसून प्यायची सवय नसते. एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण आलं, बक्कल नंबर काय, कुणाला नेलं, कधी सोडलं, कुणाची तक्रार घेतली नाही. आपल्याच दादाची तक्रार असेल तर तीही त्याच वहीत. तिथं भाऊबंदकी चालणार नाही. महिन्यातून एकदा ती वही घेऊन गटानं ठाण्यात जायचं आणि म्हणायचं, साहेब, बसा, बोलू. शांतता कमिटीत त्या तीन बायका गेल्या पाहिजेत. दलाल घरी बसू दे.

विटंबना झाली तर? होईल. ज्यांना आपलं उठून उभं राहणं बघवत नाही ते पुतळ्यालाच हात घालतात. त्या दिवशी गटानं पहिल्यांदा पुतळ्याभोवती हाताची साखळी करायची, फोटो काढायचे, कुणालाही पुरावा हलवू द्यायचा नाही, एकानं ११२ लावायचा, दोघांनी ठाण्यात जाऊन तक्रार लिहून घ्यायची, आणि तक्रारीची प्रत हातात येईपर्यंत तिथून हलायचं नाही. निदर्शनं करू. जरूर करू. रस्त्यावर येणं हा आपला हक्क आहे आणि तो कुणाच्या मेहेरबानीनं मिळालेला नाही. पण बस पेटवायची नाही. बस जळली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फक्त बस असते, आमची १० प्रेतं आतल्या पानावर जातात.

शेवटचं बोलतो. रमाबाई नगर आता पाडून नव्यानं बांधलं जातंय. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून ते काम करतायत, हजारो घरांचं. टॉवर होतील. गेट येईल, वॉचमन येईल, लिफ्टमध्ये कॅमेरा येईल. आपलीच पोरं उद्या गेटच्या आतून बाहेर बघतील. तेव्हा गेटबाहेर झोपडीतून आलेला पोरगा उभा असेल, नाव, आडनाव, पत्ता सांगत. त्याला तेच तीन प्रश्न विचारायचे नाहीत. हे ज्याच्या लक्षात राहील त्याला मी आंबेडकरी म्हणेन, मग तो कुठल्या का मजल्यावर राहीना.

इथून उठाल तेव्हा मागच्या टेबलावर शंभर पानी वह्या ठेवल्यात. वस्तीगणिक एक. पहिल्या पानावर आपल्या चौकीचा फोन नंबर, ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकाचा, विभागाच्या सहायक आयुक्ताचा आणि परिमंडळाच्या उपायुक्ताचा. दुसऱ्या पानावर गटातल्या पाच जणांची नावं. ती आज रात्री लिहून मगच घरी जायचं. तिसऱ्या पानापासून रोजची नोंद. येत्या ११ जुलैला रमाबाई नगरात स्मारकापाशी जमू तेव्हा प्रत्येकानं आपापली वही आणायची. भाषणं कमी करू. वह्या वाचू.

जय भीम.